नाव पडलेली बाई

ती दुपार मी विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत डोक्यावर दगड खाल्ला. लोकांना तसलंच ऐकायचं असतं. पण ‘साहेब, तुमची एखादी मोठी केस सांगा’ असं कुणी म्हटलं, की मी एसटी स्टँडवरच्या गंठणाची केस सांगतो. ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. पडू दे.

मी तेव्हा सोलापुरात एका ठाण्याचा निरीक्षक होतो आणि स्टँड आमच्या हद्दीत होतं. लग्नसराईचे दिवस. स्टँडवर पाय ठेवायला जागा नाही, ऊन असं की टेबलावरची काच तापायची. या दिवसांत आमच्याकडे रोज एक तरी बाई रडत यायची. कुणाची पर्स, कुणाचं मंगळसूत्र. त्यामुळे स्टँडवर मी एक खबऱ्या नेमून ठेवला होता. रसाच्या गाड्यावर बसायचा आणि नजर चौफेर.

त्याचा फोन आला. “साहेब, जेऊरकडची ती बाई उतरलीय. बरोबर एक तरणी पोरगी हाय. नवीन दिसतीय.”

ती बाई म्हणजे कोण, हे आमच्या ठाण्यात कुणाला सांगावं लागत नव्हतं. पाकीटमारीत पूर्वी पकडली गेलेली, दोनदा शिक्षा भोगलेली. ती ज्या समाजाची आहे त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. इंग्रजांनी त्या अख्ख्या समाजाला कायद्याने गुन्हेगार ठरवलं होतं. कायदा गेला, लोकांच्या डोक्यातला गेला नाही. एवढ्यावरून वाचकांनी काय ते समजून घ्यावं.

आता गंमत बघा. हा फोन आला तेव्हा स्टँडवर कसलीही चोरी झालेली नव्हती. चोरी व्हायच्या आधीच आम्हाला चोर कळला होता!

थोड्याच वेळात अक्कलकोटच्या गाडीत आरडाओरडा झाला. शुक्रवार पेठेतल्या एका व्यापाऱ्याची बायको भावाच्या लग्नाला माहेरी निघाली होती. सोबत नवरा, दोन बॅगा, कडक भाकऱ्यांचं गाठोडं आणि शेंगाचटणीचा स्टीलचा डबा. गर्दीतून कशीबशी आत शिरली, सीट मिळाली, पर्स चाचपली. रुमालात गुंडाळलेलं गंठण नाही! गाडीशेजारीच जेऊरची ती बाई आणि पोरगी उभ्या होत्या. गर्दीतलं कुणीतरी ओरडलं, “ही बघा, ही त्यांच्यातलीच!” झालं. लोकांनी दोघींना धरलं, चार चापट्या मारल्या आणि आमच्या हवालदारांच्या ताब्यात दिलं.

आमचे हवालदार मुरलेले गृहस्थ. कामाला वाघ, पण एकदा मत बनलं की ब्रह्मदेवाच्या बापालाही हलवता येणार नाही. महिला पोलिसांनी दोघींची झडती घेतली. काही निघालं नाही. हवालदार म्हणाले, “निघंल कसं साहेब? माल पुढं पास झाला. तिसरी असनार कोनतरी.” म्हणजे सापडलं तर चोर, आणि नाही सापडलं तर पक्के चोर. मग त्यांनी पोरीची पिशवी माझ्या टेबलावर उलटी केली. एक टॉवेल, केळी, भाकरी आणि पळायचे बूट.

“बघा, पळून जायला बूट बी आनलेत!” हवालदार म्हणाले आणि सगळे हसले.

पोरगी हसली नाही. गालावर बोटं उमटली होती, पण ताठ उभी होती. म्हणाली, “सर, ते उद्याच्या ग्राउंडसाठी आणलेत. पोलीस भरती आहे. सकाळी माझी धावणी आहे.” तिने प्रवेशपत्र पुढे केलं. त्यावरचा फोटो आणि समोरचा चेहरा एकच होता, फक्त फोटोतल्या गालावर वळ नव्हते.

हसणं थांबलं. निदान माझं तरी थांबलं.

ती हळू आवाजात म्हणाली, “माझी झडती पुन्हा घ्या सर. कितीदाही घ्या. पण एफआयआरमध्ये नाव घालू नका. एकदा नाव लागलं, की चारित्र्य पडताळणीत मी संपले.”

खरंच होतं ते. पुढे कोर्टातून सुटली असती तरी त्याला चारपाच वर्षं गेली असती आणि तोवर वय निघून गेलं असतं. त्या पोरीचं सगळं आयुष्य त्या संध्याकाळी माझ्या पेनाच्या टोकावर होतं. आणि घाई आम्हालाच होती. बाईमाणसाला सूर्य मावळल्यावर अटक करता येत नाही. हवालदार सारखे खिडकीबाहेर बघत होते. “साहेब, दिवस हाय तवर अटक दाखवू या. फिर्यादी तयार हाय, साक्षीदार हायत, बाई रेकॉर्डवरची हाय. आनखी काय पायजे?”

“गंठण पाहिजे,” मी म्हणालो.

तेवढ्यात एका नेत्याचा फोन आला. व्यापारी त्यांचा माणूस. “साहेब, त्या बायांना जरा सरळ करा की.” मी म्हटलं, “करतो, आधी कोण वाकडं आहे ते बघू द्या.” फोन ठेवला. असल्या फोनांनी मला उलट हुरूप यायचा. माझा स्वभावच तसा आहे, काय करणार!

मी त्या बाईला आत बोलावलं. पन्नाशीची असेल, उन्हाने करपलेली. मी काही विचारायच्या आतच ती म्हणाली, “सायेब, म्या घेतलं. माझं नाव घाला. माझ्या पोरीला सोडा. तिला कायबी ठाव न्हाय.”

महिला पोलीस माझ्याकडे बघायला लागली. केस सुटली होती ना! हवालदारांनी दारातूनच “बघा, म्हनलं नव्हतं?” अशी मान हलवली.

कबुली ही फार फसवी चीज आहे. पोलिसापुढची कबुली तशीही कोर्टात टिकत नाही, पण निम्मे तपास कबुली मिळाली की थांबतात. पोलिसाचं डोकं तिथे निवांत होतं. मी ती चैन कधी केली नाही. मी विचारलं, “कसं घेतलंस?”

तिने सांगितलं. पर्सवर पदर टाकला, चेन सरकवली, दोन बोटांनी उचललं, सगळं अगदी व्यवस्थित. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, “आणि डबी? सोनाराची लाल डबी कुठे टाकलीस?”

“फेकली सायेब. स्टँडामागल्या गटारीत.”

डबी नव्हतीच. गंठण रुमालात होतं, हे मी फिर्यादीत वाचलं होतं. मी तिला तसं सांगितलं. ती पदर तोंडाला लावून रडायला लागली. इतका वेळ मार खाताना रडली नव्हती.

“का खोटं बोलतीस?”

“माझं नाव पडल्यालंच हाय की सायेब. त्यात आनखी एक पडलं तर काय फरक पडतोय? तिचं कोरं हाय.”

मी तिला बसायला सांगितलं. ती खाली बसायला लागली. “खुर्चीवर,” मी म्हटलं. ती टेकली, अर्धीच.

“खरंच कधी चोरी केलीस का गं?”

“केली की. खोटं कशाला बोलू? पर पयल्यांदा धरली तवा केली नव्हती.” लग्न होऊन आली तेव्हा ती करमाळ्याच्या बाजारात सुया, कंगवे, काळे मणी विकायची. दारोदार फिरायची. एका घरातला दागिना हरवला आणि हिला उचललं. काही निघालं नाही, सोडून दिलं. “तुमी सोडलं, सायेब. लोकांनी सोडलं न्हाय. दारात हुबं ऱ्हाऊ देईनात. बाजारात गेलं की बाया पोरं जवळ वढायच्या. सुई कोन घेतंय माझ्याकडनं? सा म्हयनं तसंच काढलं. मग सोबतीच्या बाया म्हनल्या, चोर तर झालीसच की, आता उपाशी का मरतीस? गेले त्यांच्यासंगं. पोरगी साळंत पळाया लागली, पयला नंबर काडला, तवापास्नं हात लावला न्हाय कशाला. देवाशपथ.”

प्रशिक्षणात आम्हाला गुन्हेगारीशास्त्राचा तास असायचा. उन्हाची वेळ, निम्मा वर्ग पेंगत असायचा. एक प्राध्यापक शिकवत, की माणसाच्या हातून एखादं कृत्य घडतं ती एक गोष्ट. समाज त्याला ‘गुन्हेगार’ म्हणून हाक मारायला लागतो ती दुसरी. शिक्का बसला की चांगल्या कामाची दारं बंद होतात, आपल्यासारखेच शिक्का बसलेले सोबती तेवढे जवळ करतात, आणि पुढचे गुन्हे बहुतेक त्या शिक्क्यातून निघतात. शेवटी माणूस स्वतःला त्याच नावाने ओळखू लागतो. मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला होता, “म्हणजे सर, चोर आपणच तयार करतो व्हय?” वर्ग हसला. सर हसले नाहीत. परीक्षेत मी त्यावर पानभर उत्तर लिहिलं, मार्क घेतले आणि विसरून गेलो. आज ते उत्तर अर्ध्या खुर्चीवर बसून डोळे पुसत होतं. आपल्याकडे तेच एका ओळीत सांगितलंय, एकदा नाव कानफाट्या पडलं की पडलं.

पण बाईची कहाणी ऐकून गंठण सापडत नसतं. दया वेगळी, तपास वेगळा. मला मुद्देमाल हवा होता. स्टँडवरचे कॅमेरे पाहून झाले होते. त्यात नुसती डोकी दिसत होती, हात कुणाचेच नाहीत. मी नवरा-बायकोला पुन्हा बोलावलं.

“गंठण शेवटचं कधी पाहिलंत?”

“काल संध्याकाळी. रुमालात बांधून पर्समध्ये ठेवलं,” बायको म्हणाली.

“आज सकाळी?”

“सकाळी कुठली सवड साहेब? पर्स उचलली आणि निघाले.”

म्हणजे गाडीत चढताना गंठण पर्समध्ये होतं, याला पुरावा काहीच नव्हता! इतका वेळ आम्ही सगळे स्टँडवरच चोर शोधत होतो. मी विचारलं, “घरात पर्सला हात कुणी लावला असेल?”

नवरा भडकला. “आमच्या घरात चोर नाहीत साहेब. घरात फक्त आई असते. चोर तिकडे बसलेत तुमच्या बाकड्यावर!”

तेवढ्यात टेबलावरचा त्याचा मोबाइल थरथरला. त्याने पाहिलं आणि बंद केला. दुपारपासून तो हेच करत होता. मी विचारलं, “कुणाचा फोन आहे?”

“आईचा.”

“मग उचला की.”

“नको साहेब!” दोघंही एकदम म्हणाले. आईचं नुकतंच हृदयाचं ऑपरेशन झालेलं. वाईट बातमी सांगायची नाही, असं घरात ठरलेलं. आवाजावरून ती ओळखेल म्हणून फोनच घ्यायचा नाही. आपल्याकडे ही रीतच आहे. म्हाताऱ्या माणसाला त्रास नको म्हणून घरातली प्रत्येक गोष्ट त्याच्यापासून लपवायची, आणि ते माणूस बिचारं फोन करून करून निम्मं होतं.

“मला तुमच्या आईंना भेटायचंय,” मी म्हणालो.

“अजिबात नाही. तिला काही झालं तर?”

“तर जबाबदारी माझी. तसं लिहून देतो.”

हवालदार माझ्या कानाशी आले. “साहेब, ऊन उतरायला लागलं. म्हातारीच्या नादात अटक राहून जाईल.”

“राहू दे,” मी म्हटलं. “अंधार पडला तर उद्या बघू. पण न तपासता नाव घालणार नाही.”

साधा शर्ट घातला, साध्या साडीतली महिला पोलीस बरोबर घेतली आणि शुक्रवार पेठ गाठली. बोळातलं दुमजली घर, दारात रांगोळी. म्हातारी कपाळाला भस्म लावून उंबऱ्यातच बसली होती, हातात मोबाइल. मी म्हटलं, “तुमच्या मुलाचा ओळखीचा आहे मी.”

“अय्यो, या की, बसा. पोचली व्हय दोगं? फोन का उचलंनात ते? दुपारपास्नं लावतीय.”

“गाडी जरा खोळंबलीय, काळजीचं काही नाही. सूनबाई विचारत होत्या, ते गंठण कुठं आहे?”

मी तिचा चेहरा बघत होतो. नोकरीभर मी तेच केलं, तोंडाकडे बघायचं, कान आपोआप ऐकतात. म्हातारी गालात हसली.

“समजलं व्हय तिला? त्येच सांगाया फोन लावतीय की मी! म्याच काडलं पर्समधनं, सकाळी ती अंघोळीला गेली तवा. तिचं ध्यान नसतंय. स्टँडवर त्या बाया लई वाईट बघा, कदी काडत्यात कळत बी न्हाय. म्हनून चटणीच्या डब्यात तळाला घातलंय, पिशवीत बांदून. चटणीत कोन हात घालतंय?”

“मग सुनेला सांगायचं नाही का?”

“सांगिटलं असतं तर सारका डबा उगडून बघत बसली असती. चोराला काय, नजरंवरनंच कळतंय. पोचल्यावर सांगनार हुते.”

मी उठलो. हसावं की डोकं आपटून घ्यावं कळेना. म्हातारी “च्या तरी घ्या” म्हणत राहिली. मी तिच्या पाया पडलो आणि जीप पळवायला सांगितली.

नवरा-बायकोचं सामान तपासायला घेतलं तेव्हापासून, म्हणजे दुपारपासून, चटणीचा डबा माझ्याच टेबलावर होता. महिला पोलिसांनी झडतीत झाकण उघडून पाहिलं होतं, वास घेतला होता, झाकण लावलं होतं. मी दोन पंच बोलावले, सगळ्यांना आत घेतलं, वर्तमानपत्र पसरलं आणि डबा पालथा केला. चटणीचा ढीग पडला. पंख्याने तिखट उडालं, सगळे शिंकायला लागले. ढिगात प्लॅस्टिकच्या पिशवीची गाठ होती. सोडली. आत गंठण.

व्यापाऱ्याच्या बायकोने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. व्यापारी जमिनीकडे बघत होता. मी म्हातारीने सांगितलेलं जसंच्या तसं सांगितलं, ‘त्या बाया’ सकट. पोरगी भिंतीला टेकली आणि खाली बसली. तिची आई मात्र उभी राहिली. दिवसभरात पहिल्यांदाच तिचा आवाज चढला.

“आमच्या भ्यानं लपिवलं, आन् घावंना म्हनून आमीच चोर! व्हय ना सायेब?”

मी म्हणालो, “व्हय.”

व्यापाऱ्याची बायको पुढे झाली, हात जोडले. बाईने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पोरीचे बूट टेबलावर पडले होते, ते उचलून तिने पदराने पुसले. बुटांवर चटणी उडाली होती. पुसून पिशवीत घातले.

मी ठाणे अंमलदाराला सांगितलं, वस्तू फिर्यादीच्याच सामानात मिळाली, गुन्हा घडलेला नाही, अशी स्टेशन डायरीला स्वच्छ नोंद घे. पोरीचा उद्या कुणी पाय ओढायला नको. हवालदार खाली मान घालून उभे होते. त्यांनीच जीप काढली आणि दोघींना नातेवाइकांच्या वस्तीपर्यंत सोडून आले. आल्यावर म्हणाले, “साहेब, वाटंत पोरीला सांगितलं, उद्या सुरुवातीलाच जोर लावू नगंस. दम पुरवून पळ.” माझा सगळा राग गेला.

पोरगी पळाली. भरतीत तिची निवड झाली. तिची चारित्र्य पडताळणी झाली आणि कुठेही नाव आलं नाही.

पोलीस माणसाला अंदाज बांधावाच लागतो. रेकॉर्डवरच्या माणसाकडे मी पुढेही बघत राहिलो, नाही कशाला म्हणू? बघणं हे कामच आहे. पण बघणं आणि ठरवणं यांच्यामध्ये तपास नावाची एक गोष्ट असते आणि पगार तिचा मिळतो, हे मी माझ्या हाताखालच्या प्रत्येक पोराला कान धरून शिकवलं. चोर पकडायला मर्दुमकी लागते म्हणतात. त्याहून जास्त छाती, सगळं गाव ‘हाच चोर’ म्हणत असताना ‘थांबा’ म्हणायला लागते. त्या दिवशी मी अटक दाखवली असती तर एका पोलिसाच्या जागी आणखी एक चोर तयार झाला असता आणि पुढच्या वेळी हवालदार म्हणाले असते, बघा, म्हनलं नव्हतं?

निवृत्त झाल्यावर एकदा अक्कलकोटला जायला स्टँडवर गेलो होतो. चौकीसमोर एक महिला पोलीस शिपाई उभी होती, कडक इस्त्रीची खाकी. मला पाहून तिने सॅल्यूट ठोकला. तीच पोरगी. आम्ही बोलत होतो तेवढ्यात गाडीची वाट बघणारी एक बाई तिच्याजवळ आली आणि समोरच्या खांबाकडे डोळ्याने खुणावून कुजबुजली, “मॅडम, ती बाई बघा, पिशवी घेऊन मघापासनं उभीय. त्यांच्यातली दिसतीय. जरा लक्ष ठेवा.”

मी तिकडे पाहिलं. चेहरा ओळखीचा होता. हातातल्या पिशवीत जेवणाचा डबा होता.

“ठेवते की मावशी,” ती शांतपणे म्हणाली. “माझी आई आहे ती. माझा डबा घेऊन आलीय.”

बाई ओशाळली. “अगोबाई, तसं नव्हतं म्हणायचं मला,” म्हणत मागे सरकली. मग खांबाजवळून पलीकडे जाताना तिने पर्स खांद्यावरून काढली आणि काखेत घट्ट धरली.

खांबाजवळच्या बाईने ते पाहिलं. आणि ती निमूटपणे दोन पावलं मागे सरकली.